नकाशात न छापलेला शब्द

तंजावरच्या मुलखात, कुंभकोणजवळ, स्वामिमलैपासून थोड्याच अंतरावर इन्नंबूर नावाचे गाव आहे. तिथल्या शंकराचे नाव एळुत्तरिनाथर, म्हणजे अक्षरे जाणणारा नाथ. संस्कृतात तोच अक्षरपुरीश्वर होतो. या नावामागे एक गोष्ट सांगतात. चोळ राजाला देवळाच्या हिशेबनिसाचा संशय आला आणि त्याने जमाखर्च मागितला. घाबरलेल्या हिशेबनिसाने देवाला साकडे घातले, तेव्हा देव स्वतः त्याच्या रूपाने दरबारात गेला आणि पै न् पैचा हिशेब देऊन आला. दुसरी गोष्ट अगस्त्यांची. तमिळचे व्याकरण त्यांनी याच ठिकाणी शिकून घेतले म्हणतात. शाळेत घालण्याआधी लोक मुलांना इथे आणतात ते यामुळेच. हिशेबाचा देव आणि व्याकरणाचा देव एकच असावा, यात एक मर्म आहे. दोन्हीकडे मोठी गोष्ट सहसा चुकत नाही, चूक बारीक खुणेत दडलेली असते. महासागराचे नाव इंग्रजीत बरोबर कसे लिहावे, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे. तो क्षुल्लक वाटतो, पण त्याचा हिशेब मांडायला बसले की एका भाषेने दुसरी भाषा कशी शिकावी इथपर्यंत तो जातो.

आधी चूक कोणती ते पाहू. इंग्रजी निबंधात मराठी विद्यार्थी लिहितो, 'इंडियन ओशन इज थर्ड लार्जेस्ट ओशन'. यात एकच शब्द दोन ठिकाणी गळला आहे. 'थर्ड'च्या आधीचा 'द' शिक्षकांच्या लाल पेनाखाली वर्षभरात जागेवर येतो, कारण क्रमवाचकाच्या आणि तमभावाच्या आधी 'द' लावायचा हा नियम पाठ करून घेतलेला असतो. 'इंडियन ओशन'च्या आधीचा 'द' मात्र पदवी, नोकरी, बढती सगळे पार पडले तरी येत नाही. तेव्हा ही निष्काळजीपणाची चूक नव्हे. निष्काळजीपणाची चूक कधी होते, कधी होत नाही. ही नेमाने होते, आणि जी चूक नेमाने होते तिच्या मागे काहीतरी तर्क असतो.

तो तर्क मराठीच्या पोटातच आहे. मराठीत उपपद नाही. 'पुस्तक वाचलं' आणि 'ते पुस्तक वाचलं' यांतला फरक आपण 'ते'ने दाखवतो, कधी शब्दांच्या क्रमाने, तर कधी नुसत्या 'ला' प्रत्ययाने. पण विशेषनामाला यातले काहीच लागत नाही. हिंदी महासागर जगात एकच आहे, मग 'तो हिंदी महासागर' असे बोट दाखवून सांगायचे कशाला? आणि 'द'चा अर्थ जर 'तोच, ठरलेला' असा असेल, तर नाव उच्चारले की तो ठरलाच. हा विचार चुकीचा नाही. मुंबई, श्रीलंका, एव्हरेस्ट यांच्याबाबत इंग्रजीही हेच मानते. कुंभकोणच्या मराठी घरांत तर हा विचार दुहेरी पक्का झालेला असणार. 1670च्या दशकात व्यंकोजी भोसले तंजावरला आले आणि 1855 पर्यंत तिथे भोसल्यांची गादी राहिली. त्या काळात गेलेली आणि तिथेच रुजलेली कुटुंबे घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ बोलत आली. तमिळमध्येही उपपद नाही. 'इन्दियप् पेरुंगडल' म्हटले की काम झाले. अशाच एका घरात 1828 साली कुंभकोणात जन्मलेले सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचा सारा सरकारी व्यवहार इंग्रजीशी बांधलेला होता. म्हणजे भाषेत उपपद नसणे हा काही शाप नव्हे. तरीही ज्याच्या दोन्ही भाषांत तो शब्द नाही, त्याला तिसऱ्या भाषेत त्याची उणीव आपसूक जाणवणार नाही.

मग इंग्रजीला तो का हवा असतो? इंग्रजीच्या लेखी महासागराचे नाव हे नाव कमी आणि वर्णन जास्त आहे. 'इंडियन' हे विशेषण आहे आणि 'ओशन' सामान्यनाम. 'पॅसिफिक' म्हणजे शांत. मॅगेलनने 1520 साली त्या पाण्यात शिरल्यावर ते नाव दिले. 'अटलांटिक' म्हणजे अ‍ॅटलासचा, 'आर्क्टिक' म्हणजे उत्तरेकडच्या अस्वलाच्या नक्षत्राखालचा, 'सदर्न' म्हणजे दक्षिणेचा. पाचही नावांची घडण 'अमुक प्रकारचा महासागर' अशीच आहे. वर्णनाने एखादी वस्तू ठरवायची तर इंग्रजीला 'द' लागतो, जसे आपण 'तो पलीकडचा वाडा' म्हणतो. वापराने ते वर्णन नाव बनले, पण जुना 'द' चिकटून राहिला. हे खरे की नाही याचा पडताळा नाव आखूड करून घेता येतो. 'द पॅसिफिक' आणि 'दि अटलांटिक' एवढेच म्हटले तरी इंग्रज वाचकाला महासागर दिसतो. म्हणजे 'ओशन' गळला तरी चालतो, पण 'द' गळून चालत नाही. 'दि इंडियन' म्हटले तर मात्र डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो, महासागर नव्हे, म्हणून तिथे आखूडपणाला मनाई. 'दि आर्क्टिक' म्हटले तर पाण्याबरोबर भोवतालचा बर्फाळ मुलूखही त्यात येतो. 'द सदर्न' म्हटले तर वाक्य अर्धवट लटकते. पाठ केलेल्या नियमातून हे बारकावे कळत नाहीत, कारणातून कळतात.

आता हा नियम सगळ्या पाण्याला सारखा लागतो का? नाही, आणि त्याची गंमत पाहायला तंजावरच्याच किनाऱ्यावर जावे. भोसल्यांच्या गादीवरच्या सरफोजी राजांनी नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ बांधलेला मनोरा तिथे समुद्रकाठी उभा आहे, षटकोनी आणि आठ मजली. त्याच्यासमोरच्या पाण्याला इंग्रजीत 'पाल्क बे' म्हणतात, 'द' नाही. तेच पाणी पुढे श्रीलंकेच्या बाजूला अरुंद होते तिथे 'द पाल्क स्ट्रेट', 'द' आहे. दोन्ही नावे 1763 ते 1767 या काळात मद्रासचा गव्हर्नर असलेल्या रॉबर्ट पाल्कचीच. दक्षिणेला 'द गल्फ ऑफ मन्नार', ईशान्येला 'द बे ऑफ बेंगॉल', दोन्हीकडे 'द'. आणि या साऱ्यांना पोटात घेणारा 'दि इंडियन ओशन'. एका माणसाच्या नावाचे दोन जलभाग शेजारीशेजारी, आणि त्यांतल्या एकालाच उपपद! 'ऑफ' आला की 'द' येतो, हे सरळ आहे. कारण 'बंगालचा उपसागर' ही पुन्हा वर्णनाचीच घडण. उघडे, पसरलेले पाणी 'द' घेते आणि कोंडलेला उपसागर किंवा तलाव बहुधा घेत नाही, हा दुसरा कल. पण तो कलच, कायदा नव्हे, आणि वर सांगितलेले विशेषणाचे कारणही सगळीकडे टिकत नाही. 'रॉस सी' या नावात विशेषण नाही, तरी इंग्रज त्याला 'द' लावतो. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रे 'द पाल्क बे' असेही छापतात, आणि त्यांना फासावर द्यावे असे काही नाही. मात्र हा गोंधळ किनाऱ्यालगतच्या पाण्याचा आहे. महासागर पाच, आणि पाचांना अपवाद एकही नाही. 'उपपदांना नियमच नसतो' ही तक्रार निदान इथे तरी टिकत नाही.

मग इतका निरपवाद नियम बोटांतून का निसटतो? भाषेत उपपद नाही हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे भिंतीवर टांगलेले आहे. महासागरांची नावे आपण इंग्रजीच्या तासाला शिकत नाही, भूगोलाच्या तासाला शिकतो, आणि तीही नकाशावरून. नकाशावर निळ्या रंगात अक्षरे विरळ पसरून ठळक 'इंडियन ओशन' छापलेले असते. 'द' नसतो. आजच्या नकाशांत सहसा कुठेच नसतो, लंडनमध्ये छापलेल्यांतही नाही. युरोपच्या जुन्या नकाशांवर ही नावे लॅटिनमध्ये असत, 'ओशानुस इंडिकुस' अशी, आणि लॅटिनलाही उपपद ठाऊक नाही. पण इंग्रजी नकाशाने उपपद गाळण्याचे कारण लॅटिनपर्यंत नेण्याचीही गरज नाही. चिठ्ठीवर, फलकावर, तक्त्यात, कोशाच्या सूचीत आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात इंग्रजी 'द' गाळतेच, कारण तिथे वाक्य नसते, नुसता शिक्का असतो. बरणीवर 'हळद' लिहितात, 'ही हळद आहे' असे कोणी लिहीत नाही. आपला विद्यार्थी बरणीवरची चिठ्ठी जशीच्या तशी वाक्यात चिकटवतो. म्हणजे त्याने जे पाहिले तेच इमानाने उतरवले. दोष त्याच्या डोळ्यांचा नाही, त्याला नावे फक्त चिठ्ठ्यांवर दाखवली याचा आहे.

भूगोल वाक्यातून, तोही गाऊन शिकवण्याचा एक मोठा प्रयोग याच मुलखात मराठीत झालेला आहे. सरफोजी राजे दुसरे (1777-1832) यांच्या नावावर 'देवेंद्र कोरवंजी' नावाचे मराठी नाटक आहे. कोरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी डोंगरी बाई, तमिळ रंगभूमीवरचे नेहमीचे पात्र. इतर नाटकांत ती हात पाहून नायिकेचे लग्न कधी जमेल ते सांगते. सरफोजींच्या नाटकात ती जगाचा भूगोल सांगते. सरफोजींचे पालकत्व केले ते मिशनरी श्वार्ट्‌झ यांनी, आणि ते जर्मन होते. त्यांच्या मायबोलीत महासागराला उपपद तर लागतेच, वर लिंगही सांभाळावे लागते, 'डेर इंडिशे ओत्सेआन' असे. म्हणजे ज्याला इंग्रजी शिकवायचे तो मराठी, गाव तमिळ आणि शिकवणारा जर्मन. अशा घोळक्यात वाढलेल्या राजाला भूगोल हा नुसता नकाशा न वाटता सांगायची गोष्ट वाटावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. सांगायला लागले की नावाला आधी-नंतर शब्द जोडावेच लागतात: कुठे आहे, कशाला लागून आहे, त्यातून कोण गेले. नाव वाक्यात बसले की त्याचे व्याकरण त्याच्याबरोबर येते. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवले तेही वाक्यामागून वाक्य देऊनच. ती पद्धत आज जुनाट ठरली आहे, पण उपपदाच्या बाबतीत तिने दिलेली सवय नंतरच्या रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नांनी दिलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

'द' लावायचा हे एकदा कळले की उलटी चूक सुरू होते: दिसेल तिथे लावणे. 26 डिसेंबर 2004 ची लाट तमिळनाडूत सर्वांत क्रूरपणे कोसळली ती नागपट्टिनम जिल्ह्यात, कुंभकोणहून पूर्वेला. त्या आपत्तीला इंग्रजीत 'द 2004 इंडियन ओशन त्सुनामी' म्हणतात. इथला 'द' महासागराचा नाही, त्सुनामीचा आहे. त्सुनामी अनेक असत्या तर 'इंडियन ओशन त्सुनामीज' म्हणताना 'द' उडून गेला असता, महासागर तिथेच असूनही. नाव दुसऱ्या नामाचे विशेषण बनून पुढे उभे राहिले की ते आपले उपपद गमावते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 16 डिसेंबर 1971 रोजी हिंदी महासागर शांतताक्षेत्र म्हणून जाहीर केला. त्या ठरावाच्या शीर्षकात 'ऑफ दि इंडियन ओशन' असा पुरा पोशाख आहे, कारण तिथे महासागर स्वतः नाम म्हणून उभा आहे. 1997 साली स्थापन झालेल्या किनारी देशांच्या संघटनेचे नाव मात्र 'इंडियन ओशन रिम असोसिएशन', आणि त्या नावात कुठेच 'द' नाही. दोन्ही कागद तेवढेच अधिकृत, दोन्ही बरोबर. हा भेद मराठी माणसाला कळायला खरे तर सोपा असावा. 'महासागराचा' आणि 'महासागरी' यांत आपण हेच करतो. पहिल्यात महासागर स्वतः हजर असतो, दुसऱ्यात त्याचा नुसता रंग.

बाकीच्या खाचाखोचा थोडक्यात. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे 'इंडियन'चा आय मोठा आणि 'ओशन'चा ओ लहान असे अर्धवट काम पुष्कळदा होते. दोन्ही मोठे हवेत. पुढच्या वाक्यात नुसता 'दि ओशन' आला की ओ लहान. दोन महासागर एकत्र आले तर मात्र इंग्रजीतले जाणकारच भांडतात. शिकागोचे शैलीपुस्तक अनेकवचनी 'ओशन्स'लाही मोठा ओ देते, असोसिएटेड प्रेसचे पुस्तक लहान. आपण एकाचे ऐकावे आणि पुस्तकभर तेच पाळावे. उच्चारात 'इंडियन', 'अटलांटिक', 'आर्क्टिक' यांच्याआधी 'दि', 'पॅसिफिक' आणि 'सदर्न' यांच्याआधी 'द'. शब्दयोगीत आपला 'त' प्रत्यय सगळीकडे पुरतो, इंग्रजीचे तसे नाही. बेटे महासागरा'इन' असतात, जहाज 'इन' किंवा 'ऑन', आणि किनाऱ्यावरचे शहर मात्र 'ऑन दि अटलांटिक'. या शेवटच्या 'ऑन'चे भाषांतर 'अटलांटिकवरचे शहर' असे झाले की ते पाण्यावर तरंगायला लागते.

नाव लिहायचे कसे याइतकेच नाव कोणते, यावरही वाद आहे. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या महासागरांच्या सीमा ठरवणाऱ्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती 1953 ची. तिच्यातून दक्षिणेचा महासागर गाळलेला आहे. त्याला परत घेणारा 2000 सालचा मसुदा देशांच्या आपसांतल्या इतर नावांच्या भांडणांत अडकून राहिला. 2021च्या जूनमध्ये नॅशनल जिओग्राफिकने आपल्या नकाशांवर तो पाचवा महासागर म्हणून मान्य केला. म्हणून 'चार की पाच' या प्रश्नाला एकच शिक्कामोर्तब झालेले उत्तर नाही. पण 'सदर्न ओशन' लिहा की 'अंटार्क्टिक ओशन', उपपद दोघांनाही लागते. अमेरिकेने 2018च्या मे महिन्यात आपल्या पॅसिफिक लष्करी विभागाचे नाव बदलून 'इंडो-पॅसिफिक' केले. राजकारण्यांच्या तोंडी बसलेला हा शब्दही वाक्यात येतो तो 'दि इंडो-पॅसिफिक' असाच. कालपरवाच्या नावालाही 'द' लागतो, यावरून नियम जिवंत आहे हे दिसते. मराठीत आपण 'हिंदी महासागर' लिहीत आलो. इथले 'हिंदी' म्हणजे भाषा नव्हे, हिंदचा. अलीकडे 'हिंद महासागर' शिरतो आहे तो हिंदी बातम्यांमधून. मराठी विशेषण असताना उसने नाम कशाला घ्यायचे, हे मला समजत नाही.

आता आक्षेप. पहिला असा, की 'द' नसला तरी अर्थ कळतो ना? बहुतेक वेळा कळतो. पण कळणे आणि नीट लिहिलेले असणे या दोन गोष्टी आपण मराठीत कधी एक मानत नाही. 'मी शाळेत गेलो' ऐवजी कोणी 'मी शाळा गेलो' म्हटले तर अर्थ कळतो, आणि तरी आपण हसतो. दुसरा आक्षेप, की भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र भाषा आहे, तिने 'द' गाळला तर बिघडले कुठे. हा युक्तिवाद खोडसाळ नाही. 'प्रीपोन'सारखे शब्द आपण घडवले आणि ते चांगले आहेत. पण भारतातली चांगली इंग्रजी लिहिणारी माणसे महासागरांचा 'द' गाळत नाहीत. तो गाळणारे आपल्या इंग्रजीचे नियम घडवत नसतात, नकाशा उतरवत असतात. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि तो कुंभकोणनेच दाखवलेला आहे. श्रीनिवास रामानुजन 1904 साली इथल्या सरकारी महाविद्यालयात गेले, इंग्रजी निबंधात नापास झाले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. एवढ्या मेंदूला निबंधाच्या एका पेपरने अडवले, तर उपपदांची मिजास कोणी कशाला करावी? इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्याच बाजूचा आहे. 'द' चुकला म्हणून मुलाची बुद्धी मोजणे हा अडाणीपणा आहे. पण त्यातून निष्कर्ष 'शिकवू नका' असा निघत नाही. 'द'वरून दारे बंद करणारी माणसे जगात आहेत आणि राहणार, म्हणून तर तो नीट शिकवायचा, आणि मार्क कापून नव्हे, कारण सांगून शिकवायचा.

तेव्हा भूगोलाच्या शिक्षकांना एक विनंती. दरवर्षी जगाचा कोरा नकाशा भरून घ्यायचा असतोच. मुलांनी निळ्या पेन्सिलीने पाच महासागर भरले की वही बंद करायला सांगू नका. नकाशाखाली रिकामी राहिलेली जागा प्रत्येक महासागरावर एकेक इंग्रजी वाक्य लिहायला द्या, आणि ती पाच वाक्ये इंग्रजीच्या बाईंना दाखवायला सांगा.